बारका स्पीकर

खरखर

आईनं धुवायला काढलेल्या सदऱ्याच्या खिशात एक स्क्रू निघाला. बारीक, काळ्या डोक्याचा. तिनं तो शिलाई मशीनच्या खणात टाकून दिला.

·

"सोनारानं फसवलं. पैंजण दिलेत, पण मुके."

·

जळलेल्या कॉइलचा वास एकदा नाकात बसला की आठवडाभर जात नाही. करपलेला गूळ, त्यात थोडं रबर.

·

आमच्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नाही. तळहात वर केला की थांब. मूठ तोंडाकडं नेली की जेवायला ये. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून झटकली की धागा तुटलाय, बघ.

·

"ही कॅसेट डुप्लिकेट हाय. सुरुवातीचे घुंगरू कापलेत."

·

मोठा स्पीकर कधी उडत नाही. उडतो तो बारका.

·

"दिवट्यांच्यात कार्यक्रम हाय व्हय? मग नाचून घ्या लवकर. त्यांच्यातली गाणी अर्ध्यात संपत्यात."

ए साइड

"शैले, नीट ऐक," अक्का म्हणाली. "माझ्या हळदीला फट् झालं ना, तर तिथल्या तिथं उठीन आणि उष्ट्या हळदीची वाटी तुझ्या डोक्यावर पालथी घालीन."

"उष्टी हळद नवरीची असते. माझ्या डोक्यावर कशाला?"

"म्हणूनच. मग तूच जा त्यांच्या घरी. मी मोकळी."

अक्का तांदूळ निवडत होती. लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं आणि ती बोलत होती ते हसत हसतच, पण हातातला खडा तिनं उगाच लांब फेकला.

फट् हा आमच्या दिवट्यांच्या घरातला शब्द. गाणं ऐन रंगात यायचं, पाय धरून बसलेली माणसंसुद्धा नाचायला उठायची, आणि स्पीकरमधून फट् व्हायचं. मग जळका वास. मग जाड, गोधडीतून आल्यासारखं ढब ढब, आणि शेवटी कुणीतरी उठून टेप बंद करायचं. चुलते दत्तूतात्यांच्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात घेतली आणि फट्. वास्तुशांतीला पंगत बसली आणि फट्. गल्लीत त्याची चेष्टा सुरू झाली होती. अक्काला सासरच्या माणसांसमोर ती चेष्टा नको होती.

मी फट् होऊ देणार नाही असं म्हणाले होते. का म्हणाले, ते सांगते.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत घर आणि माग एकाच छपराखाली. पुढं मागांची शेड, मधे अंगण, मागं आम्ही. आमचे वडील आण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ दत्तूतात्या मिसरूड फुटायच्या आधीपासून मागांवर उभे. माग सुरू असले की शेडमध्ये बोलायची सोय नाही, सगळं हातांवर आणि ओठांवर. माग बंद झाले तरी दोघं बोलायचे ते ओरडूनच. आम्हाला वाटायचं, माणसं अशीच बोलतात. आयटीआयला गेले तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाकीच्यांच्या घरात मीठ मागताना कुणी ओरडत नाही.

आयटीआयला मी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला. शेडमधला रस्त्याकडचा एक माग आण्णांनी मोडीत काढला होता, ती जागा रिकामी पडली होती. मला तिथं रिपेअरीचं दुकान टाकायचं होतं. आण्णांच्या डोक्यात सूतगिरणीच्या ऑफिसातली खुर्ची होती, पंख्याखालची.

"पोरीनं सोल्डर घेऊन दारात बसायचं?" आण्णा म्हणाले.

"दारात नाही, आत बसीन."

"घरातला एक स्पीकर टिकवला न्हाईस तू. गावाचे काय टिकवणार?"

"उडवता तुम्ही. मी नुसती दुरुस्त करते."

आण्णा हसले. आण्णांचं हसणं शेजारच्या घरात ऐकू जायचं. म्हणाले, "बरं. निर्मीची हळद. हळद लागल्यापास्नं दिवेलागणीपर्यंत गाणी वाजली पाहिजेत. कुजबुजल्यागत न्हाई, माणसं नाचली पाहिजेत. स्पीकर टिकला तर जागा तुझी. फट् झालं तर सूतगिरणी."

"मग तुम्ही आणि तात्यांनी बटणांना हात लावायचा नाही."

"ते कसं जमंल?" आण्णा खरोखरच गोंधळले. "घरचं कार्य हाय."

अशी ती अट होती.

मी आजवर उडालेले स्पीकरचे सगळे डबे पुन्हा उघडून बसले. प्रत्येकात तेच. खालचा मोठा स्पीकर ठणठणीत, कागदाला सुरकुतीसुद्धा नाही. वरचा बारका, चिंचोक्याएवढ्या घुमटाचा, तो काळा ठिक्कर. आणि प्रत्येक वेळी ॲम्पवरची तिन्ही बटणं उजवीकडं टोकाला पोचलेली असायची. व्हॉल्यूम पूर्ण. बास पूर्ण. ट्रेबल तर असं पिळलेलं की सोडवायला पक्कड लागावी.

मी तात्यांना समजावून बघितलं.

"तात्या, ॲम्पची ताकद संपली की पुढं बटण फिरवून आवाज वाढत नाही. गाण्याचा शेंडा छाटला जातो. ते छाटलेलं, धार आलेलं गाणं बारक्या स्पीकरात जातं आणि त्याची कॉइल तापून जळते. त्यात तुम्ही ट्रेबल टोकाला नेता, म्हणजे सगळा मारा त्याच्यावरच."

"म्हणजे करतोय मोठा आणि मार खातोय बारका," तात्या म्हणाले. "आमच्या घरात आधीपासनं तसंच हाय."

"चेष्टा नको. माग त्याच्या वेगाबाहेर पळवला तर काय होतं?"

"धोटा उडतो."

"मग?"

"मग काय? उचलून आणायचा आणि परत बसवायचा."

समजावण्यात अर्थ नव्हता. मी कामाला लागले. पहिल्यापेक्षा दांडगा ॲम्प जोडला. मोठ्या ॲम्पनं स्पीकर उडतो असं सगळ्यांना वाटतं, असतं उलटं. लहान ॲम्प छाती फुटेपर्यंत रेटला की स्पीकर उडतो. दांडगा निम्म्यावर ठेवला तर तो घाम न गाळता दिवसभर वाजवतो. तारा जाड घातल्या. बास आणि ट्रेबल मधोमध ठेवले. आणि आणखी एक गोष्ट केली. ती मी कुणालाच सांगितली नाही, अक्कालासुद्धा नाही.

हळदीच्या दिवशी माग बंद होते. आमच्या घरात असं फार कधी होत नसे. भिंती थरथरत नव्हत्या, फडताळातली भांडी वाजत नव्हती. अंगणात मांडव, शेडच्या दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर एकेक स्पीकर, त्यांच्याभोवती आईनं काढलेली रांगोळी. मधे टेबल. टेबलावर टेप, ॲम्प, आणि ॲम्पच्या तोंडावर तीन नवी कोरी बटणं, मोठी, चंदेरी, पेढ्यासारखी. ती मी मुद्दाम कोल्हापूरहून आणली होती. टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारी चादर. चादरीखाली माझ्या पायापाशी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

अक्का पाटावर बसली, बायकांनी आंब्याच्या पानानं घरची हळद लावायला सुरुवात केली, मी गाणं लावलं.

बटणाशी आलेली माणसं, आली त्या क्रमानं:

तात्या. हातातला चहाचा कप टेबलावर ठेवून व्हॉल्यूम टोकाला. "हां! आता कसं! मगाशी काय मांजर रडत हुतं."

शेजारचे जॉबर, माग दुरुस्त करणारे. बास टोकाला. छातीवर हात ठेवून: "हितं लागतंय बघ. हितं."

तात्यांची बायको, कमलकाकू. "ह्यांनी लईच केलंय, बाई. कान फुटतील." व्हॉल्यूम मागं. "हां. आता माणसात आलं."

पुन्हा तात्या. व्हॉल्यूम पुढं. "कुणी कमी केला गं? आत्ता बघ कसं उठलं गाणं!"

गाणं होतं तिथंच होतं. त्या तीन बटणांच्या मागं काही नव्हतं. तार नव्हती. नुसत्या दांड्या, नटानं आवळलेल्या. खरी बटणं चादरीखालच्या बिस्किटांच्या डब्यात होती आणि डबा माझ्या दोन पायांत. लांबवलेल्या तारांमुळं गाणी थांबली की डबा जरासा गुणगुणायचा, एवढंच. तात्या यायचे, पिळायचे, खूश होऊन नाचायला जायचे. काकू यायच्या, मागं फिरवायच्या, खूश होऊन हळद लावायला जायच्या. इतका सुखाचा संसार मी त्या दोघांचा कधी बघितला नव्हता.

मग आण्णा आले. टेबलासमोर उभे राहिले. बटणांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हात लावू का?"

"घरचं कार्य आहे," मी म्हणाले.

आण्णांनी ट्रेबलचं बटण दोन बोटांत धरलं आणि अगदी सावकाश, दुधाचं पातेलं उतरवावं तसं, टोकापर्यंत नेलं. मान तिरकी करून क्षणभर थांबले. मग मांडवाकडं वळून दोन्ही हात वर करून ओरडले, "आता वाजतंय बघा!" आणि माझ्या टेबलाच्या शेजारी, भिंतीला लावलेल्या खुर्चीत जाऊन बसले. आण्णासुद्धा फसले होते.

दुपारी उष्टी हळद आली. ती घेऊन आलेल्या माणसांच्या पुढं नवरदेवाचे मामा. सांगलीला बँकेत होते, इस्त्रीचा सफारी, पेन दोन. ते आल्या आल्या टेबलाकडं वळले.

"आवाज कमी आहे," मामा म्हणाले. "आमच्याकडं यापेक्षा जास्त असतो."

"वाढवा की," मी म्हणाले.

त्यांनी व्हॉल्यूम फिरवला. थांबले. परत मागं आणला, पुन्हा पुढं नेला. कपाळाला आठी पडली. मामांचे कान मागाच्या शेडमध्ये गेलेले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

"हे फिरवून काही फरक पडत नाहीये," ते म्हणाले. आजूबाजूची चार डोकी वळली. तात्यासुद्धा नाचायचे थांबले. माझ्या पायातला डबा मला एकदम मोठा वाटायला लागला.

आण्णा खुर्चीतून उठले.

"काय म्हणता पावणं?"

"बटण चालत नाहीये."

आण्णांनी बटण मागं आणलं. "आत्ता बघा." पुढं नेलं. डोळे मिटले. चेहऱ्यावर असा काही आनंद आला की गणपती दूध प्यायला असता तरी एवढा आला नसता. डोळे उघडून मामांना विचारलं, "पडला की हो! केवढा फरक! तुमच्या घराण्यात कानाचा त्रास हाय का कुणाला? आधी सांगितलं न्हाई ते."

अंगणभर हशा पिकला. तात्या ओरडले, "दणक्यात वाढलंय!" जॉबर म्हणाले, "हितं लागलं, हितं!" मामांनी घाईनं बटण आणखी एकदा फिरवलं आणि मान डोलावली. "हां, हां. आता जाणवतंय. थोडं सेट व्हायला वेळ लागतो."

पोरी मामांना नाचायला ओढून घेऊन गेल्या. मी कपाळ पुसलं.

टेप अडकली

ऊन भिंतीवरून उतरत होतं. अक्काचे केससुद्धा पिवळे झाले होते. सगळ्यांच्या आवडीचं गाणं लागलं होतं, मामा सफारीचं बटण काढून नाचत होते, आणि गाणं एकदम जाड झालं, घुर्र झालं, आणि बंद पडलं.

अंगण जसं होतं तसं थांबलं. वर गेलेले हात वरच राहिले.

"झालं!" मांडवाच्या खांबापासून कुणीतरी म्हणालं. "दिवट्यांच्यात झालं बघा. चला जेवायला."

जळका वास नव्हता. मी टेपचं झाकण उघडलं. आत कॅसेटची पट्टी चाकाभोवती शेवयांसारखी गुंडाळली होती. स्पीकरला काही झालं नव्हतं. पण हे अक्काला कुठं माहीत? ती पाटावरून उठली, हळदीची वाटी उचलली आणि अंगण ओलांडून सरळ माझ्याकडं यायला लागली.

छुम. छुम. छुम.

माग बंद, गाणं बंद, माणसं गप्प. त्या अंगणात फक्त अक्काचे पैंजण.

"टेप अडकलीय," मी भराभर म्हणाले. "नुसती टेप. स्पीकर चांगलाय. आईशप्पथ. वाटी खाली ठेव."

अक्का थांबली. शेजारच्या खुर्चीतून आण्णा तिच्या पावलांकडं बघत होते.

"बघा," आण्णा म्हणाले. "एवढी शांतता हाय, तरी वाजत न्हाईत. तीनदा सांगितलं सोनाराला, घुंगरू खणखणीत घाल. मुके पैंजण दिलेत माझ्या पोरीला. उद्या जातो आणि त्याच्या दुकानात आपटतो."

मी अक्काकडं बघितलं. अक्कानं माझ्याकडं. तिनं एक पाय उचलला आणि ठेवला.

छुम.

"काय?" आण्णांनी विचारलं. "असं काय बघताय?"

"मुकेच हायत की," तात्या मागून म्हणाले. वाकून, निरखून म्हणाले. "दिसायला ब्येस हायत. पण मुके."

आई समोर उभी होती, दोन्ही हात हळदीनं भरलेले. तिनं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून झटकली. धागा तुटलाय. मागावर हजारदा बघितलेली खूण, फक्त या वेळी तिनं ती कानाजवळ केली.

आण्णा ट्रेबल का पिळायचे, ते मला तेव्हा कळलं. दरवेळी, प्रत्येक कार्यात, टोकापर्यंत. ते गाण्यात घुंगरू शोधत होते.

माझा हात चादरीखाली गेला. डब्यातलं ट्रेबलचं खरं बटण मधोमध होतं. पिळलं असतं तर आण्णांना कदाचित ऐकू आलं असतं. थोडा वेळ. मग फट्, आणि रस्त्याकडची जागा गेली, आणि अक्काच्या सासरच्या माणसांसमोर दिवट्यांच्यात पुन्हा एकदा जेवायची वेळ झाली असती. मी बटण जरासं पुढं नेलं. मग हात काढून घेतला.

पेनानं कॅसेटची पट्टी गुंडाळत मी स्पीकरकडं बघत बसले. जमिनीवर, रांगोळीच्या मधोमध. मोठ्याचा आवाज पाण्यासारखा पसरतो, तो कुठूनही पोचतो. बारक्याचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो. ज्याच्या तोंडावर धरला त्याला मिळतो, बाकीच्यांना नाही. आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकलेली गोष्ट. आणि मी टॉर्च कुणावर धरला होता? अंगणातल्या सगळ्यांच्या गुडघ्यांवर. गुडघे मात्र सकाळपासून ट्रेबल छान ऐकत होते.

"तात्या," मी ओरडले, "हा स्पीकर उचला."

"कुठं न्यायचा?"

"आण्णांच्या कानाशी."

"रांगोळी मोडंल की."

"मोडू दे," आई म्हणाली.

बी साइड

शेडमधून सुताच्या लाकडी पेट्या आणल्या. एकावर एक रचल्या, वर स्पीकर. आण्णा बसल्यावर बारका बरोबर त्यांच्या कानासमोर येईल अशी उंची. आण्णा, हे काय चाललंय, म्हणून बघत होते.

"शैले, पावण्यांच्या मधे आलाय डबा. काढ तो."

"एक गाणं होईपर्यंत."

मी कॅसेटच्या ढिगातून त्यांची ती जुनी कॅसेट काढली. डुप्लिकेटवाली. त्यातलं ते गाणं आण्णा तरुणपणी तमाशाच्या तंबूत जाऊन ऐकून आलेले, ढोलकी सुरू व्हायच्या आधी नुसते घुंगरू, कुणीतरी लांबून चालत येतंय असे. गेली काही वर्षं आण्णा कॅसेटच्या दुकानदाराला शिव्या देत होते.

लावलं.

आण्णांचा तळहात वर गेला. थांब. मागावरची खूण. अंगणातली अर्धी माणसं मागावरचीच, ती जागच्या जागी थांबली. बाकीची त्यांना बघून.

आण्णा स्पीकरकडं झुकले. आणखी झुकले. जाळीला कान लागायच्या बेतात आला.

"हायत की," ते म्हणाले.

"काय?" तात्यांनी विचारलं.

"घुंगरू. हायत की आत!" आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "कापलेले न्हाईत."

ढोलकी सुरू झाली तरी ते तसेच बसून होते, डोळे मिटून, एक बोट हवेत. कडवं संपलं तसे एकदम सरळ झाले.

"निर्मे! हिकडं ये. बंद कर गं गाणं. ये, हितं उभी ऱ्हा. पाय आपट."

"आण्णा, सगळे बघतायत."

"बघू देत. आपट."

अक्कानं पाय आपटला. आण्णा खुर्चीतून खाली उतरले, अंगणात उकिडवे बसले, हळदीनं माखलेल्या तिच्या पावलाशी कान नेला. नवे कपडे, फेटा, सगळं पिवळं.

"जोरात."

अक्कानं आपटला. हळदीचे शिंतोडे आण्णांच्या गालावर उडाले.

"आणि एकदा."

आपटला.

आण्णा तिथंच मातीत बसले आणि मांडव हलेल अशा आवाजात ओरडले, "सोनार सुटला!"

अक्का हसत होती की रडत होती कोण जाणे, हळदीत काही दिसत नव्हतं. तात्या आले, "सरक, मला बघू दे," म्हणत त्यांनी आण्णांना बाजूला केलं, मग पावलाशी नाही, स्पीकरशी कान लावला. "शैले, लाव परत पहिल्यापास्नं." लावलं. तात्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "आयला! हे व्हय! मला वाटायचं, लोक उगंच सांगत्यात." त्यांच्या मागं जॉबर. जॉबरांच्या मागं गल्लीतले आणखी दोघं. थोड्या वेळात स्पीकरसमोर रांग लागली, मंदिरात लागते तशी. एकेक माणूस पुढं यायचं, कान द्यायचं, हसायचं, दुसऱ्याला जागा करून द्यायचं. मी ते एकच गाणं परत परत पहिल्यापासून लावत होते आणि नाचणाऱ्या पोरींनी शेवटी त्याच्यावरच नाच बसवला.

मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. समाधानानं मान हलवत म्हणाले, "मघाशी मी सेट करून ठेवलं होतं ना, त्याचा परिणाम."

दिवे लागले. पोरं मांडवातच पेंगायला लागली. उष्टी हळद घेऊन आलेली माणसं जेवून निघाली, मामांनी जाताना बटणाला शेवटचा हात लावला. मी टेप बंद केला. बिस्किटांचा डबा थोडा गुणगुणला आणि गप्प झाला.

फट् झालं नव्हतं.

अक्कानं तरीही वाटीतली उरलेली हळद माझ्या डोक्यावर पालथी घातली. "का म्हणून?" मी किंचाळले. "सवय नको मोडायला," ती म्हणाली आणि छुम छुम करत आत पळाली.

आण्णा आले. स्पीकरच्या डोक्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"गरमसुद्धा न्हाई," म्हणाले.

"मग जागा?"

"आधी झाडून काढ. मागाच्या तेलाचे डाग हायत, सोडा टाकावा लागंल." ट्रेबलचं चंदेरी बटण त्यांनी एका बोटानं फिरवलं, मागं, पुढं. "लई हलकी फिरत्यात गं ही बटणं."

"नवीन आहेत, आण्णा."

"व्हय. नवीन हायत म्हणूनच." आणि हात धुवायला गेले.

दुकान अजून तिथंच आहे. आता स्पीकरपेक्षा मोबाइल जास्त येतात. आण्णांनी कानाला मशीन लावलंय. तात्या यायला लागले की ते काढून खिशात ठेवतात. अक्का दर दिवाळीला येते, पैंजण झिजले म्हणून तिनं दोनदा बदलून घेतले, सोनार तोच. आण्णा एकदा येऊन दुकानात बसतातच. लग्नाकार्याला स्पीकर न्यायला आलेल्या माणसांना सांगतात, "जमिनीवर ठिवू नका. कानाला लावा." भाड्यानं दिलेला बारका अजून तरी कुणी जाळलेला नाही.

तो ॲम्प मी विकला नाही. वरच्या फळीवर आहे, तीन चंदेरी बटणांसकट. झाकणाला चार भोकं आहेत आणि स्क्रू तीनच. चौथा मला कधी सापडला नाही, मीही फारसा शोधला नाही. गेल्या महिन्यात आईचं शिलाई मशीन दुरुस्त करायला म्हणून खण उघडला, तर आत बारीक, काळ्या डोक्याचा स्क्रू.

रिवाइंड

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी, मी आणि अक्का मेंदी आणायला गेलो होतो तेव्हा, आण्णांनी ॲम्पचं झाकण उघडून आत बघितलं होतं.